ट्रॅकवर जाण्याआधी गाडी मिरकरवाड्यात न्या

रत्नागिरीत भगवती किल्ल्याच्या बाजूने मिरकरवाडा बंदराकडे उतरलात की, जाळी सांधायला बसलेल्या माणसांच्या पुढे पत्र्याची एक शेड लागते. दारात ट्रकचे जुने रेडिएटर एकावर एक रचलेले असतात, आत ट्रॉलरच्या इंजिनांचे कूलर उघडून ठेवलेले असतात. पाटी आहे, पण खाऱ्या वाऱ्याने तिच्यावरची अक्षरं कधीच खाल्ली. बंदरावर कोणालाही ‘रेडिएटरवाले चाचा’ विचारा, हात करून दाखवतील.

रेसच्या ट्रॅकवर न्यायच्या मोटरसायकलचं कूलिंगचं काम कोकणात कुठे करून घ्यावं, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर ही शेड. इथे मोटरस्पोर्टचं एकही स्टिकर चिकटवलेलं नाही, रेसिंगचा एकही पार्ट विकायला नाही. तरीही इंजिन थंड ठेवण्याच्या कामाची इतकी नीट, मोजूनमापून केलेली तयारी मी मोठ्या शहरांतल्या गॅरेजांतही पाहिलेली नाही.

मी कोण, हेही सांगायला हवं, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. अमोनियाचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर, मिठाच्या पाण्याची टाकी आणि तिच्यात बुडवलेले लाद्यांचे डबे, यांच्यात माझा दिवस जातो. एका ठिकाणची उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन टाकायची, हा आमचा धंदा. कंडेन्सरच्या नळ्यांवर क्षारांचा पातळसा थर बसला तरी प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर जास्त करंट खातो आणि लादी वेळेवर तयार होत नाही. तेव्हा बोटीवाले दारात उभे राहतात. त्यामुळे रेडिएटरचं काम कोण मनापासून करतो आणि कोण नुसतं पाणी मारून परत देतो, हे मला पाहता क्षणी कळतं.

माझी गाडी चारशे सीसीच्या आतली, एका सिलिंडरची, लिक्विड कूल्ड, पुढून फेअरिंगवाली, म्हणजे वारा कापणाऱ्या आवरणाची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे बिघडलं होतं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. ते आमच्या हवेने आणि मातीने केलं होतं. रोजच्या वापरात, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर किंवा आंबा घाटात, तिने कधी त्रास दिला नाही. पण कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फेऱ्यांचं सेशन अर्ध्यावर आलं की मीटरवरच्या तापमानाच्या रेघा एकेक करून चढायच्या, शेवटी लाल दिवा लागायचा आणि मला ट्रॅकच्या कडेला पिटमध्ये परतावं लागायचं. इथून कोइम्बतूर म्हणजे पिकअपमध्ये गाडी बांधून कोल्हापूर, बेंगळुरू, सेलम असा लांबचा पल्ला. एवढं करून तिथे पोचायचं आणि इतर लोक फेऱ्या मारताना आपण गाडी निवत ठेवून बसायचं, याचा जिवाला फार त्रास होतो.

एका सर्व्हिस सेंटरने अख्खा रेडिएटर बदला म्हणून सांगितलं होतं. ऑनलाइन ओळखीच्या काहींनी जास्त जाड, बाहेरून मागवलेला रेडिएटर सुचवला. चाचांनी यातलं काहीच विकलं नाही. गाडी शेडमध्ये घेतली, फेअरिंग उतरवायला लावलं, रेडिएटरच्या मागून टॉर्च धरला आणि मला पुढून बघायला सांगितलं. वरच्या बाजूला फिन्समधून, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांमधून, उजेड आरपार येत होता. खालच्या भागात जवळजवळ अंधार होता.

“उजेड जात नाही तिथून वारा कसा जाईल?” एवढंच ते म्हणाले.

त्या अंधारात काय काय निघालं ते कोकणातल्या प्रत्येक गाडीवाल्याने वाचावं. सगळ्यात आधी जांभ्याची लाल माती. ती पावसाळ्यात चाकावरून उडते, फिन्समध्ये जाऊन बसते आणि गरम रेडिएटरवर सुकून घट्ट होते. मग किडे आणि गवताचं कूस. आणि या सगळ्याखाली पांढरी भुकटी, म्हणजे खाऱ्या हवेने गंजलेलं ॲल्युमिनियम. फिन आणि नळी जिथे जोडलेली असतात तिथेच ही भुकटी धरते, आणि उष्णता नळीतून फिनमध्ये जाते तीही तिथूनच. म्हणजे फिन दिसायला शाबूत असली तरी तिच्यापर्यंत उष्णता पोचत नाही. आमच्याकडे समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर हे होणारच.

रस्त्यावर हे का जाणवत नाही आणि ट्रॅकवर का जाणवतं, तेही सांगतो. पेट्रोल जळून निघणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकाकडे जातो, तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला पाणी, तेल आणि इंजिनाचं अंग यांच्या वाट्याला येतो. रस्त्यावर आपण थ्रॉटल पूर्ण उघडून कितीसा वेळ राहतो? ओव्हरटेक करताना काही सेकंद. ट्रॅकवर जवळजवळ प्रत्येक सरळ पट्ट्यावर थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, आरपीएम रेडलाइनच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या मर्यादेच्या, आसपास असतो, आणि हे पंधरा-वीस मिनिटं सलग चालतं. उष्णता कितीतरी पट वाढते. रेडिएटरचा खालचा भाग बंद असला तर रस्त्यावर वरचा भाग वेळ निभावून नेतो, ट्रॅकवर त्याला ते झेपत नाही.

त्यातही ट्रॅक ट्रॅकमध्ये फरक आहे. कारी स्पीडवे २००३ साली सुरू झाला. १९९५ मध्ये विमान अपघातात गेलेल्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलेलं आहे. लांबी २.१ किलोमीटरच्या आसपास. छोटा आणि वळणावळणाचा, त्यामुळे इंजिन ओरडत असतं पण गाडीचा वेग त्या मानाने कमी, म्हणजे रेडिएटरमधून जाणारा वाराही कमी. चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, तिथे सरळ पट्ट्यांवर गाडीला श्वास घेता येतो. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट तर ५.१२५ किलोमीटरचा, जिथे सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटरसायकलची जागतिक शर्यत झाली. तापमानाच्या बाबतीत कारीवर जी गाडी टिकते ती बाकी ठिकाणीही बहुधा टिकते, असा माझा अनुभव.

एक समज इथेच खोडून काढतो, कारण तो आमच्या भागात फार आहे. ‘कोकणात हवा दमट, म्हणून इंजिन जास्त हीट होतं’ असं लोक म्हणतात. दमट हवेचा त्रास माणसाला होतो, कारण आपला घाम सुकत नाही. रेडिएटरला घाम येत नाही. त्याच्यासाठी बाहेरच्या हवेचं तापमान किती आणि फिन्समधून वारा किती वाहतो, या दोनच गोष्टी महत्त्वाच्या. दमटपणाने इंजिनाला मिळणारा ऑक्सिजन किंचित घटतो, ताकद थोडी कमी होते, एवढंच. आमच्या हवेचा खरा घात तिच्यातल्या मिठात आहे.

आता प्रत्यक्ष काम. रेडिएटर पूर्ण उतरवला. बाहेरची धुलाई इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या बाजूला केली, म्हणजे घाण ज्या दिशेने आत घुसली त्याच्या उलट दिशेने. आधी साध्या पाण्यात भिजत ठेवला, मग मऊ ब्रश आणि साबणाचं कोमट पाणी. प्रेशर वॉशर त्यांच्याकडे आहे, ट्रकच्या जाड रेडिएटरला वापरतात, पण मोटरसायकलच्या रेडिएटरला ते त्याचा पाइप लावू देत नाहीत. तिरका फवारा बसला की पातळ फिन्स आडव्या होतात आणि तो भाग कायमचा बंद होतो. माझ्या रेडिएटरवर पूर्वीच्या धुलाईने आडव्या झालेल्या फिन्सचे पट्टेच्या पट्टे होते. चाचांच्या मुलाने ते बारीक दात्यांच्या कंगव्याने एकेक करून उभे केले. मान खाली घालून, अर्धा दिवस. त्या मुलाच्या हाताचं कौतुक इथे लिहून ठेवतो.

मग आतली तपासणी, आणि इथे ही शेड इतरांपेक्षा फार पुढे आहे. रेडिएटरमधून गरम पाणी सोडलं आणि टेंपरेचर गनने प्रत्येक नळीचं तापमान ओळीने मोजलं. जी नळी आतून मोकळी ती झटकन तापते, जी कोंदलेली ती मागे राहते. माझ्या दोन नळ्या मागे राहिल्या. आतून फ्लश केल्यावर पुन्हा मोजल्या, तेव्हा सगळ्या एका रांगेत आल्या. हीच पद्धत ते ट्रॉलरच्या कूलरला वापरतात. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर बोट ओढून आणावी लागते, त्यामुळे अंदाजाने ‘ठीक आहे’ म्हणायची सवय बंदरावरच्या कारागिराला नसते.

त्यानंतर टाकीत बुडवून हवेच्या दाबाखाली गळती तपासली. एकही बुडबुडा नाही. आणि शेवटी कॅप, म्हणजे रेडिएटरचं झाकण. हातपंपाला लावलेल्या गेजवर ती बसवली आणि दाब देत गेले. कॅपवर १.१ लिहिलेलं होतं, म्हणजे १.१ बारपर्यंत तिने धरायला हवं. ती ०.७ च्या आसपासच सुटायला लागली. आतलं रबर कडक होऊन चिरलेलं होतं.

एवढ्याशा कॅपचं एवढं काय, असं वाटेल, म्हणून आकडे देतो. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं. बंद सर्किटमध्ये १.१ बारचा जादा दाब असेल तर तेच पाणी साधारण १२१ अंशांपर्यंत उकळत नाही. ०.७ वर सुटणाऱ्या कॅपने ही मर्यादा ११५ वर आणली. ट्रॅकवर सिलिंडर हेडच्या आसपासचं पाणी या मर्यादेच्या जवळ जातं, आणि तिथे एकदा वाफ धरायला लागली की गोष्टी झपाट्याने बिघडतात. वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी उचलत नाही. ती पाण्याला ढकलून ओव्हरफ्लोच्या बाटलीत घालवते, सर्किटमधलं पाणी कमी होतं, उरलेलं आणखी लवकर उकळतं. त्यात कोइम्बतूर समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या आसपास उंच, म्हणजे तिथे उकळण्याची मर्यादा आणखी अंशभराने खाली. लाल दिव्यामागचं मोठं कारण ही कॅप होती, हे माझं ठाम मत आहे. नवी कॅप काही शे रुपयांत आली. रेडिएटर बदलायला सांगणाऱ्यांनी ती तपासलीसुद्धा नव्हती.

मी रेडिएटरला काळा रंग मारून द्या म्हटलं, मिठापासून वाचेल म्हणून. चाचांनी साफ नकार दिला. “रंगाचा जाड हात मारलास तर त्याच्या अंगावर गोधडी घातलीस असं समज.” कंपनीतून येणारा काळा थर अतिशय पातळ असतो, ब्रशने मारलेला ऑइल पेंट फिन्सच्या मधल्या फटीच बुजवतो. मिठासाठी त्यांचा उपाय सोपा आहे. समुद्राकाठी राहणाऱ्याने आठवड्यातून एकदा रेडिएटरवरून गोड्या पाण्याचा हलका फवारा मारावा, तोही इंजिन पूर्ण निवल्यावर.

जाळीच्या बाबतीतही त्यांचं म्हणणं पटलं. ट्रॅकवर पुढच्या गाडीच्या चाकातून खडे उडतात, एखादा नळीला लागला तर सगळं संपलं, म्हणून पुढे गार्ड हवाच. पण आमच्याकडे बरीच पोरं बारीक, मच्छरदाणीसारखी जाळी चिकटवतात. ती वारा अडवते, आणि चिखलाने भरली की झाकणच होते. चाचांनी ॲल्युमिनियमची मोठ्या भोकांची जाळी कापून, रेडिएटरपासून थोडं अंतर ठेवून बसवली. सगळ्यात जास्त गुण मात्र ज्या गोष्टीला द्यायचे ती अगदी साधी आहे. रेडिएटर आणि फेअरिंग यांच्यामधल्या दोन्ही बाजूंच्या फटी त्यांनी फोमच्या पट्टीने बंद केल्या. वारा नेहमी सोपी वाट धरतो. बाजूने फट मिळाली की तो फिन्समधून कशाला जाईल? फटी बुजवल्यावर समोरून आलेल्या वाऱ्याला रेडिएटरमधून जाण्यावाचून पर्याय उरत नाही. मागच्या बाजूला गरम हवा बाहेर पडायची वाट मोकळी आहे ना, हेही त्यांनी पाहिलं. तिथे मी टूलकिटची पिशवी बांधायचो, ती काढायला लावली.

पंख्याबद्दल दोन शब्द. बरेच जण मोठा पंखा लावायचा विचार करतात. पंखा सिग्नलला उभं असताना कामाचा. शंभरच्या वेगाला समोरून येणारा वारा त्याच्या कितीतरी पट असतो, तिथे पंख्याची पाती उलट आडच येतात. पण तो काढून टाकू नका, पिटमध्ये आल्यावर तोच लागतो.

आता कूलंट, म्हणजे रेडिएटरमध्ये भरायचं तयार द्रव्य. इथे मात्र प्रत्येकाने नीट लक्ष द्यावं, कारण हा विषय आपल्या गाडीपुरता राहत नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं. ते डांबरावर सांडलं तर तेलासारखं निसरडं होतं, पाण्यासारखं उडून जात नाही आणि धुवूनही लवकर निघत नाही. मागून गुडघा टेकवत वळणात येणाऱ्या माणसाला ते दिसतही नाही. म्हणून रेसिंगमध्ये ग्लायकॉलला सर्रास बंदी असते आणि रेडिएटरमध्ये साधं पाणीच मागितलं जातं. काही ठिकाणी पाण्यासोबत वॉटर वेटर, मोकूल यांसारखं ग्लायकॉल नसलेलं द्रव्य चालतं. तुम्ही ज्या ट्रॅकवर जाणार तिथल्या आयोजकांना आधी विचारा. स्क्रुटिनीमध्ये, म्हणजे ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीत, ड्रेन बोल्टला तो सुटू नये म्हणून लॉकवायर आहे का, ओव्हरफ्लोचा पाइप बाटलीत जातो का, हे पाहतात तेही याचसाठी. आपल्या गाडीतून पडलेल्या थेंबावरून दुसऱ्याचं पोर पडू नये, याहून मोठं कारण लागत नाही.

पाणी घातलं म्हणजे काही कमीपणा आला असंही नाही. तेवढ्याच लिटरमध्ये साधं पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता उचलतं. थंड प्रदेशात ग्लायकॉल गोठू नये म्हणून घालतात, कोकणात गोठायची भीती कुठली? आपल्याला कूलंटचा उपयोग दोन गोष्टींसाठी: उकळण्याची मर्यादा थोडी वर जाते आणि आतला गंज थांबतो. त्यामुळे ट्रॅकवरून परत आल्याबरोबर पाणी काढून पुन्हा कूलंट भरायचं, नुसत्या पाण्यावर गाडी महिनोन्महिने चालवायची नाही.

आणि पाणी म्हणजे डिस्टिल्ड. विहिरीचं बिलकुल नको. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, ते पाणी जिभेला जेमतेम खारट लागतं पण ॲल्युमिनियमला पुरेसं घातक असतं. चाचांच्या शेडमध्ये भिंतीवर जस्ताचे अर्धवट खाल्लेले तुकडे टांगलेले आहेत. बोटीच्या कूलरमध्ये एका बाजूने समुद्राचं पाणी फिरतं. ते मिठाचं पाणी धातू खाणारच, म्हणून त्याला आधी खायला जस्ताचा तुकडा ठेवतात. जस्त झिजतं, कूलर वाचतो, तुकडा संपला की नवा बसवायचा. मोटरसायकलच्या रेडिएटरमध्ये असा तुकडा बसवायला जागाच नसते. तिथे खारं पाणी गेलं तर थेट रेडिएटर आणि वॉटर पंपच झिजणार. हे त्यांनी मला ते तुकडे हातात देऊन समजावलं, आणि कारखान्यात वर्षानुवर्षं कंडेन्सर साफ करूनही मला ते इतकं नीट कधी उमगलं नव्हतं.

पाणी भरण्याची त्यांची पद्धतही बघण्यासारखी. पुढचं चाक फळीवर चढवून रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच आणतात, पाणी बारीक धारेने ओततात, रबरी पाइप हाताने दाबत जातात. मग कॅप न लावता इंजिन चालू करून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, उघडेपर्यंत थांबतात, बुडबुडे येणं बंद झालं की पाणी वर आणून कॅप लावतात. आत हवेचा गोळा राहिला तर तो हेडमध्ये जाऊन बसतो आणि तेवढी जागा कोरडी तापत राहते. घाईत असाल तर यांच्याकडे जाऊ नका, या पायरीला ते कोणासाठीही घाई करत नाहीत.

थर्मोस्टॅट काढून टाकू का, असं मी विचारलं होतं. ट्रॅकवर पुष्कळ लोक काढतात. चाचांनी नको म्हटलं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता त्याच वाटेने घिरट्या घालत राहतं. शिवाय इंजिन फार थंड चाललं तर तेलातला ओलावा उडून जात नाही, पिस्टन आणि सिलिंडरमधली ठरलेली फट बसत नाही. त्यांनी थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून तो वेळेवर उघडतो का ते पाहिलं आणि परत बसवला.

निकाल सांगतो. त्यानंतर कारीवर गाडी पूर्ण सेशन धावली, दुपारच्या उन्हातही. तापमानाची रेघ नेहमीपेक्षा एखादी वर गेली आणि तिथेच थांबली. एखाद्या गाडीच्या मागे चिकटून राहिलं तर रेघ आणखी थोडी वर जाते, कारण समोरून येणारी हवा तापलेली आणि विस्कटलेली असते. अर्ध्या गाडीएवढं बाजूला सरकलं की पुन्हा खाली येते. शेवटची फेरी मी वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर घेतो, म्हणजे वारा भरपूर आणि उष्णता कमी. पिटमध्ये आलो की रेडिएटरसमोर घरचा टेबल फॅन लावतो. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधली उष्णता तिथेच साचते, त्या काही मिनिटांना हा फॅन फार उपयोगी पडतो. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतताना मी लोकांना पाहिलंय, तसं कृपा करून करू नका, धातूला तडा जाऊ शकतो. आणि तापलेली कॅप कोणीही उघडू नये. वाफेने भाजलेला हात कारखान्यात मी जवळून बघितलेला आहे.

उणिवाही आहेत. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग इथे होत नाही. पितळ आणि तांब्याच्या जुन्या रेडिएटरची डाकणी चाचा उत्तम करतात, पण तुमच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला भोक असेल तर ते स्पष्ट नाही म्हणतात, आणि एपॉक्सी लावून ट्रॅकवर जायला मनाई करतात. पंख्याची वायरिंग, रिले, सेन्सर यांना ते हात लावत नाहीत. शेडमध्ये जागा कमी, त्यामुळे गाडी रात्री बाहेर राहते, स्वतःचं कव्हर घेऊन जा. वॉरंटीतली गाडी असेल तर रेडिएटर बाहेर उतरवण्याआधी कंपनीच्या माणसाशी बोलून घ्या. जुन्या आरएक्स १०० किंवा बुलेटसारख्या हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांना इथे फारसं काही करण्यासारखं नाही, सिलिंडरच्या फिन्स साफ करून देतील इतकंच. ऑइल कूलर असलेल्या गाड्यांचं काम मात्र जरूर द्या, आतून फ्लश आणि बाहेरून कंगवा, दोन्ही होतं.

खर्च मला कॅपसकट दोन हजारांच्या आत आला. गाडी दोन दिवस राहिली.

वेळेचं गणित सांभाळा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि बंदरावरच्या झाडून सगळ्या इंजिनांचे कूलर याच शेडमध्ये येतात. नारळी पौर्णिमा होईपर्यंत मोटरसायकल घेऊन गेलात तर चाचा चहा पाजतील, पण गाडी उघडणार नाहीत. दिवाळीनंतर जा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला शेड बंद असते. बाकीच्या दिवशी सकाळी नऊच्या आत पोचा, सोबत पाच लिटर डिस्टिल्ड पाणी न्या, आणि गाडी पूर्ण थंड होऊ दिल्याशिवाय त्यांच्यासमोर उभी करू नका. तापलेल्या इंजिनाला ते हात लावत नाहीत.